मौजे कोळेकल्याण, तालुका अंधेरी

वांद्रे-कुर्ला संकुलात काचेच्या भिंतींच्या बँका आणि कचेऱ्या उभ्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच इमारतींखालच्या जमिनीच्या मिळकत पत्रिकेवर मात्र 'मौजे कोळेकल्याण, तालुका अंधेरी' असे लिहिलेले असते. पवईच्या उंच मनोऱ्यांपैकी काहींची जमीन दप्तरात 'तिरंदाज' गावची आहे. लोखंडवाला संकुल ओशिवऱ्यात येते आणि अंधेरी पश्चिमेचा मोठा भाग आंबिवलीत मोडतो. घाटकोपर पूर्वेला किरोळ आणि बोरिवली पश्चिमेला एकसर ही गावे कागदावर अजून नांदती आहेत. टपालाचा पत्ता, रेल्वे स्थानक आणि महापालिकेचा वॉर्ड यांतले काहीही सांगितले तरी भूमापन कार्यालयातला कर्मचारी पहिला प्रश्न करतो, "गाव कोणतं?" उपनगरात जमिनीचा कागद शोधायचा तर सुरुवात याच प्रश्नापासून होते आणि त्याच्या उत्तरात साष्टी बेटाचा चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे.

वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतची आजची उपनगरे जुन्या साष्टीचा भाग होती. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. वीस वर्षांनी, १५५४ मध्ये, सिमाँव बोतेल्यू या अधिकाऱ्याने पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाची मोठी नोंदवही तयार केली. कोणत्या गावाचे किती देणे निघते, हे सरकारला कळावे एवढाच तिचा हेतू होता. पुढे चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ ते १७३९ या काळात साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली आणि हिशेब मोडी लिपीत लिहिला जाऊ लागला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली.

सत्ता बदलल्या, पण दप्तराचे काम तेच राहिले. गाव, त्यातली खाचरे आणि त्यांवरचा सारा एवढेच कागदावर येत होते. जमिनीचा खरा मालक कोण, हे ठरवण्यासाठी यांतले कोणतेही दप्तर जन्मले नव्हते. शोध घेणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण पुढच्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ तिच्यात आहे.

कंपनी सरकारने साष्टीतली गावेच्या गावे मुंबईच्या धनिकांना दिली. १८०८ मध्ये अपोलो बंदराजवळच्या जागेच्या बदल्यात होरमसजी बमनजी वाडिया यांना कुर्ला आणि त्यासोबत मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे, परजापूर अशी गावे मिळाली. आज ज्या सहारात आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे आणि ज्या कोळेकल्याणात वित्तीय केंद्र आहे, ती दोन्ही एका अदलाबदलीत हातोहात गेली होती. पवईची जहागीर फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे होती. विक्रोळीची जमीन त्यांना ७ जुलै १८३५ रोजी कायमच्या पट्ट्याने देण्यात आली. या बड्या मिळकतींना मिळालेली साऱ्याची सूट रद्द करण्यासाठी स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, साष्टी इस्टेटींचा वेगळा कायदा करावा लागला. म्हणून उपनगरातली एखादी मिळकत मागे मागे शोधत गेले की शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या टप्प्यावर शेतकऱ्याच्या नावाऐवजी पारशी घराण्याचे नाव समोर येते.

जमिनीला नंबर मिळाला तो इंग्रजी मोजणीने. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात जी पाहणी केली, तिच्यावर मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत उभी राहिली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले आणि मोजणी हळूहळू कोकणातही पोहोचली. मोजणीदार ३३ फुटांची शंकुसाखळी शेतात ओढत. तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा झाला एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. मातीचा कसही आण्यांतच ठरे. भातखाचर, वरकस, बागायत असे प्रकार पाडून आकार बसवला जाई. शेताचे हाताने काढलेले माप टिपणात उतरे, क्षेत्राचा हिशेब गुणाकार बुकात जाई आणि साऱ्याचा आकडा आकारबंदात येई. भावांत वाटणी झाली की सर्व्हे नंबरचे हिस्से पडत आणि त्यांचे मोजमाप फाळणीत चढे. हद्दीचा वाद उपनगरात आजही पेटला की शेवटी जुने टिपण शोधावे लागते, कारण बांध कुठून कुठे जात होता हे त्यातच सापडते.

जमीन कोणाच्या ताब्यात आहे, कोणाकडे गहाण आहे आणि कोण कूळ म्हणून कसतो, याची शिस्तशीर नोंद मात्र बरीच उशिरा, १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्याने सुरू झाली. पुढे १९१३ मध्ये ती जमीन महसुलाच्या मूळ कायद्यातच आली. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि बारा म्हणजे पिकांची नोंद. या दोहोंचा मिळून सात-बारा झाला. त्याच्यामागे उभा असतो नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. विक्री, वारसा, वाटणी, कोर्टाचा हुकूम असे काहीही घडले की तलाठी फेरफार लिहितो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आजचा सात-बारा फक्त आजची स्थिती दाखवतो. ती कशी आली हे त्यावर वर्तुळात छापलेल्या फेरफार क्रमांकांवरून कळते. जाणता वकील प्रत्येक वर्तुळातला फेरफार काढून वाचतो, तो यासाठीच.

दरम्यान या गावांचा जिल्हाच बदलत राहिला. साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑक्टोबर १९२० रोजी तिचा दक्षिण भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. मुंबईची गर्दी उत्तरेकडे वळवण्याचे सरकारचे धोरण होते. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली योजना आखल्या जात होत्या. १९२८ मध्ये अंधेरी आणि ट्रॉम्बे यांना जोडणारी रेल्वेही सुरू झाली, पण १९३४ मध्ये बंद पडली. १९५० मध्ये बृहन्मुंबई झाली आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी तिची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. पुढे १ ऑक्टोबर १९९० रोजी उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला आणि अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तीन तालुके त्यात आले. घाटकोपर आणि मुलुंड कुर्ला तालुक्यात आहेत, पण कुर्ल्याचे तहसील कार्यालय मुलुंडमध्ये आहे. कोणत्या सालचा कागद हवा यावर कोणत्या गावाला जायचे ते ठरते. १९२० च्या आधीचा धागा ठाण्याकडे वळतो आणि त्याहून जुना मुंबईच्या किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारात पोहोचतो.

हद्दी बदलताना नंबरही वाढत गेले. नगररचना योजनेत आलेल्या जमिनीला अंतिम भूखंड क्रमांक मिळाला. शेते संपून वस्ती झाली तसे नगर भूमापन झाले आणि प्रत्येक तुकड्याला सीटीएस नंबर देऊन मिळकत पत्रिका उघडली गेली. क्षेत्र आता एकर-गुंठ्यांऐवजी चौरस मीटरमध्ये आले. त्यामुळे एका जमिनीला सर्व्हे व हिस्सा नंबर, अंतिम भूखंड क्रमांक आणि सीटीएस नंबर असे तीन क्रमांक असू शकतात. कित्येक ठिकाणी मिळकत पत्रिका निघूनही सात-बारा बंद झाला नाही आणि एका जमिनीचे दोन अभिलेख समांतर चालू राहिले. एकावर विकत घेणाऱ्याचे नाव आणि दुसऱ्यावर जुन्या खातेदाराच्या वारसांचे नाव असेल, तर भांडणाला वेगळे कारण लागत नाही.

तिसरे दप्तर दुय्यम निबंधकाचे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र यांची नोंदणी १८६० च्या दशकापासून चालत आली आहे आणि सध्या तिला १९०८ चा कायदा लागू आहे. सूची क्रमांक दोन, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला 'इंडेक्स टू', मिळकतीवरून दस्त शोधायला उपयोगी पडतो. व्यवहाराआधी वकील साधारण तीस वर्षांचा 'सर्च' घेतात, तो या सूचींमधून.

या नोंदींचे वजन किती, हे मुलुंड-विक्रोळीच्या टेकड्यांनी सगळ्या उपनगरांना दाखवले. १९५६-५७ मध्ये सरकारने या भागातल्या अनेक खासगी जमिनींबाबत भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ (३) खाली नोटिसा काढल्या. पुढे काहीच झाले नाही. दरम्यान १९७५ मध्ये खासगी वने सरकारजमा करणारा महाराष्ट्राचा कायदा आला. जमिनींवर परवानगी घेऊन इमारती चढल्या, घरे विकली गेली आणि लोक राहायला आले. मग २००६ मध्ये उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेच्या ओघात महसूल अभिलेख दुरुस्त करून या जमिनी वन म्हणून दाखवण्यात आल्या. कर्ज काढून घर घेतलेल्या हजारो कुटुंबांना आपले घर जंगलात उभे असल्याचे कळले. पुनर्विकास, विक्री आणि कर्ज सगळेच अडले.

२००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारची बाजू मान्य केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा गोदरेज अँड बॉईसच्या विक्रोळीतल्या १३३ एकर ३८ गुंठे जमिनीचा इतिहास पुन्हा वाचला गेला. १८३५ चा बनाजींचा पट्टा आणि ३० जुलै १९४८ चे त्यांच्यानंतरच्या हक्कधारकाकडून झालेले नोंदणीकृत खरेदीखत हे दोन्ही त्यात आले. ३० जानेवारी २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला. नोटीस नुसती काढणे पुरेसे नाही, ती बजावली पाहिजे आणि मालकाचे म्हणणे ऐकले पाहिजे. दशकानुदशके धूळ खात पडलेल्या नोटिशीच्या आधारे जमीन वन ठरवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि रहिवाशांना दिलासा मिळाला. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका कागदाने माणसांचे घर धोक्यात आणले होते. ते वाचले तेही पूर्वीचे कागद नीट लावून वाचल्यामुळे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८५८ मध्ये टॉरेन्स यांच्या पद्धतीने सरकारी नोंद हाच मालकीचा पुरावा मानला. आपल्याकडे दस्त नोंदवला जातो, पण हक्काची हमी सरकार देत नाही. मालकीची साखळी खरेदीदाराने स्वतः जोडायची असते.

त्यासाठीची साधने आता पुष्कळ सोपी झाली आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो, मिळकत पत्रिकाही संगणकावर आली आहे आणि दस्तांच्या सूची ऑनलाइन शोधता येतात. तरी खोलवर गेले की मोडी वाचणारा लागतोच. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा राज्यभर मोडी जाणकारांची गरज एकदम जाणवली. जमिनीच्या जुन्या कागदांनाही तेच लागू आहे. साष्टीतल्या ईस्ट इंडियन, कोळी, आगरी कुटुंबांचा आपल्या खाचरावरचा आणि गावठाणावरचा हक्क बहुधा अशाच जीर्ण पानांवर टिकलेला असतो आणि एक पान फाटले तरी ते कुटुंब पुराव्याला मुकते.

गृहनिर्माण संस्थांचाही प्रश्न इथेच येतो. सदनिका विकून विकासक निघून गेला आणि इमारतीखालची जमीन मिळकत पत्रिकेवर मूळ मालकाच्याच नावे राहिली, असे उपनगरात सर्रास घडले. सदनिकांच्या कायद्यातल्या २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकासकाने करून दिले नाही तरी जमीन संस्थेच्या नावे होण्याचा, मार्ग खुला केला. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करताना संस्थेला मिळकत पत्रिका, गरजेप्रमाणे सात-बारा, मंजूर नकाशे आणि सदनिकांचे नोंदणीकृत करार जमवावे लागतात. तो आदेश नोंदवून मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव चढेपर्यंत काम पुरे झालेले नसते. म्हणूनच मौजानिहाय जुना सर्व्हे नंबर, अंतिम भूखंड आणि सीटीएस यांचा ताळमेळ दाखवणारा तक्ता प्रत्येक रहिवाशाला अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या नगर भूमापन कार्यालयात मागताक्षणी पाहता यायला हवा. टिपणे आणि फाळण्याही चांगल्या छायाप्रतींच्या रूपाने सर्वांना खुल्या असाव्यात. पुनर्विकासाला निघालेल्या संस्थेने तर आर्किटेक्ट नेमण्याच्या आधी आपल्या मौजाचे नाव आणि त्याचे सगळे जुने नंबर लिहून काढावेत.