'लॅरिएट': चुकीच्या ऐकण्यातून जन्मलेला शब्द

१/
काउबॉय म्हटले की घोडा, रुंद काठाची टोपी आणि हवेत गरगरणारा फास डोळ्यांसमोर उभा राहतो. त्या फासाच्या दोराला इंग्रजीत 'लॅरिएट' म्हणतात. हा शब्द अस्सल अमेरिकी वाटतो. वस्तुतः तो एक शब्दच नाही. ते दोन शब्द आहेत आणि दोन्ही स्पॅनिश आहेत.

२/
स्पॅनिशमध्ये 'रेआता' म्हणजे दोर. हे नाम स्त्रीलिंगी असल्याने त्यापूर्वी 'ला' हे उपपद येते: 'ला रेआता'. स्पॅनिश न जाणणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या कानांना ते एकसंध वाटले आणि उपपद शब्दाला कायमचे चिकटले. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात 'लॅरिएट' इंग्रजी लेखनात दिसू लागतो. इंग्रजीत 'द लॅरिएट' म्हणणारा माणूस नकळत दोन उपपदे वापरत असतो!

३/
'रेआता'चे मूळ 'रेआतार' या क्रियापदात आहे. 'आतार' म्हणजे बांधणे, 'रेआतार' म्हणजे पुन्हा बांधणे. घोडे किंवा खेचरे एकामागोमाग एक चालावीत म्हणून त्यांना जोडणारा दोर, हाही 'रेआता'चा एक अर्थ. आपल्याकडची दावण गोठ्यात स्थिर असते; ही जणू चालती दावण.

४/
मग 'लॅसो' कोणता? तो स्पॅनिश 'लासो'वरून आला आणि 'लासो' लॅटिन 'लाक्वेउस'वरून, म्हणजे फास. याच लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'लेस' आला. रानटी बैलाला जखडणारा लॅसो आणि बुटाची नाडी अशी ही एकाच कुळातली भावंडे. मूळ अर्थाने पाहिल्यास 'लॅसो' हे फासाचे नाव, तर 'लॅरिएट' हे दोराचे.

५/
हा दोर अमेरिकेत प्रथम कोणी फिरवला? १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस १६ घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. पुढे स्पॅनिशांनी गुरेही आणली. कुंपण नसलेल्या अफाट माळरानांवर ती झपाट्याने वाढली. त्यांना आवरण्यासाठी घोडेस्वार गुराखी हवे होते. स्थानिक लोकांनी घोड्यावर बसू नये, असा वसाहतीचा निर्बंध होता. पण कामाच्या रेट्यापुढे तो टिकला नाही. स्थानिक, मिश्रवंशीय आणि आफ्रिकी वंशाच्या स्वारांतून 'वाकेरो' घडले. 'वाका' म्हणजे गाय.

६/
वाकेरोचा दोर कच्च्या चामड्याच्या पट्ट्या वेणीसारख्या गुंफून केलेला असे. चार, सहा किंवा आठ पदरांचा असा दोर ६० फुटांहूनही लांब असे. मात्र अचानक बसलेल्या हिसक्याने तो तुटण्याची भीती असे. म्हणून फास पडताच वाकेरो दोराचे वेढे खोगिराच्या पुढच्या खुंट्याभोवती देई आणि दोर हळूहळू सरकू देई. अंगठा मध्ये सापडला, तर तो तुटण्याचा धोका होता.

७/
या क्रियेचे नाव 'दार ला वुएल्ता', म्हणजे वेढा देणे. त्याचे आज्ञार्थी रूप 'दाले वुएल्ता'. इंग्रजी भाषकांनी त्याचे 'डॅली' केले. 'वाकेरो'चा 'बकारू' झाला. घोड्याच्या केसांचा दोर 'मेकाते'. त्याचा 'मॅकार्टी' झाला. 'मेकाते' हा तर मुळात स्पॅनिशही नाही. अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला 'मेकात्ल' हा त्याचा पूर्वज.

८/
१८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने कॅलिफोर्नियासह मोठा प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. अनेक मेक्सिकन कुटुंबांच्या जमिनी पुढे हातच्या गेल्या. २०व्या शतकातील चित्रपटांनी काउबॉयला बहुधा गोऱ्या नायकाचे रूप दिले आणि ज्याने हे कसब घडवले, तो वाकेरो पडद्याच्या कडेला ढकलला गेला.

९/
भाषेला मात्र हे फेरफार जमले नाहीत. काउबॉयचा दोर, त्याचे वेढे, त्याचा 'बकारू' हा किताब, सारे काही वाकेरोच्याच बोलीतले राहिले. 'लॅरिएट'च्या आरंभी चिकटलेला तो 'ला' ही व्याकरणाची चूक खरी. पण हा दोर कोणाच्या हातून घेतला गेला, याची साक्षही तोच देतो.