बीबीएसवर शब्दसूचना कशी लावायची?

बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजेच बीबीएस, हा इंटरनेट घरोघरी येण्याआधीचा संगणकावरचा कट्टा. कुणाच्या तरी घरी एक संगणक, त्याला मोडेम आणि टेलिफोनची लाइन. बाकीच्यांनी फोन लावायचा, आलेले संदेश वाचायचे, आपले लिहायचे आणि लाइन सोडायची, म्हणजे पुढच्याला जागा. शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी सुरू केलेलं सीबीबीएस हे यातलं पहिलं मानलं जातं. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याच्या आधीपासून मुंबईत ‘लाइव्ह वायर’सारखी बीबीएस चालत होती. आजही जगभर हौशी लोक बीबीएस चालवतात. फरक एवढाच, की बहुतेक ठिकाणी फोनऐवजी टेलनेट किंवा एसएसएचने जायचं.

इथे एक अडचण मात्र जुनीच आहे. समजा, तुम्ही महिन्यातून एकदा लॉगिन करता. मधल्या काळात कुणीतरी विचारून गेलं, की ॲमिगाच्या जुन्या फ्लॉप्या वाचून देणारं कुणी आहे का? तुमच्याकडे ते यंत्र आहे. पण प्रश्न सगळ्यांना उद्देशून आहे, तुमचं नाव त्यात कुठेच नाही. शिवाय बहुतेक बीबीएसवर प्रत्येक विभागात किती संदेश किंवा किती दिवसांचे संदेश ठेवायचे, याची मर्यादा असते. तुम्ही पोहोचेपर्यंत तो प्रश्न पुसलाही गेलेला असू शकतो. शब्दसूचना, म्हणजे ठरावीक शब्द असलेला संदेश आला की आपल्याला कळवणारी सोय, हवी असते ती यासाठी.

बीबीएसमध्ये अशी सूचना देणारं एकच बटण सहसा नसतं. शब्द नेमका कुठे शोधायचा, हे आधी ठरवावं लागतं: तुमच्या संगणकावर, की खुद्द बीबीएसच्या संगणकावर? बाकीचं सगळं यावरून ठरतं.

आधी हाताशी असलेलं वापरा

जवळजवळ प्रत्येक बीबीएसवर ‘माझ्या नावाने आलेले संदेश दाखव’ ही सोय असते. सिंक्रोनेटमध्ये प्रत्येक विभागासाठी नवे संदेश तपासायचे की नाही आणि तुमच्या नावाचे वेगळे तपासायचे की नाही, हे तुम्हालाच ठरवता येतं. संदेशांच्या मजकुरात एखादा शब्द शोधण्याचीही सोय आहे. लॉगिन झाल्यावर दोन-तीन शब्द शोधायची सवय लावली, तर अनेकांचं काम तेवढ्यात भागतं.

मर्यादा दोन. नावाचा शोध फक्त ‘प्रति’ या रकान्यात होतो. मजकुरात कुणी तुमचं नाव घेतलं, किंवा नावाचं स्पेलिंग चुकवलं, तर तो संदेश निसटतो. आणि दुसरं म्हणजे, हे सगळं तुम्ही लॉगिन केल्यावरच होतं.

ऑफलाइन वाचकाची वाट

फोनचं बिल मिनिटागणिक चढत असे त्या काळात लोकांनी एक युक्ती काढली. नवे संदेश एका गठ्ठ्यात बांधून उतरवून घ्यायचे, फोन ठेवायचा, निवांत वाचायचे, उत्तरं लिहायची आणि पुढच्या फोनला परत पाठवायची. एसटीडीचे दर ज्यांना आठवतात त्यांना यातली गंमत समजावून सांगायला नको. या गठ्ठ्यांचे दोन नमुने जास्त चालले: क्यूडब्ल्यूके आणि ब्लू वेव्ह.

क्यूडब्ल्यूकेच्या गठ्ठ्यात तुमच्या नावाने आलेल्या संदेशांची वेगळी यादी असते. ब्लू वेव्ह एक पाऊल पुढे गेलं. त्यात वापरकर्त्याला आपले दहा शब्द नोंदवता येत, प्रत्येक जास्तीत जास्त वीस अक्षरांचा, आणि नको असलेले दहा शब्दही वेगळे. म्हणजे शब्दसूचनेची कल्पना समाजमाध्यमांनी आणली असं कुणी म्हणालं, तर हे दहा रकाने त्याला दाखवावेत.

आज ही वाट चालायची असेल तर मल्टिमेलसारखा वाचक घ्या. तो दोन्ही नमुने वाचतो आणि त्यात शब्दावरून शोधही घेता येतो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. क्यूडब्ल्यूकेमध्ये विषयाला जागा आहे २५ बाइटची. त्यापुढचा विषय कापला जातो. त्यामुळे शोध केवळ विषयात न लावता मजकुरातही लावा, नाहीतर लांब विषयाच्या शेवटी असलेला तुमचा शब्द कधीच सापडणार नाही.

खरी सूचना: बीबीएसच्या संगणकावर

तुम्ही लॉगिन न करताही कळावं असं वाटत असेल, तर शोध बीबीएसवरच झाला पाहिजे, आणि तो सिसॉपच, म्हणजे बीबीएस चालवणाराच, लावू शकतो. पुढचं वर्णन सिंक्रोनेट धरून केलं आहे. रॉब स्विंडेल यांचं हे सॉफ्टवेअर आता मुक्त स्रोत आहे आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतं. त्यात जावास्क्रिप्टमधून थेट संदेशांच्या साठ्यापर्यंत पोहोचता येतं, म्हणून हे काम एका छोट्या स्क्रिप्टमध्ये होतं.

स्क्रिप्टने करायचं काम असं. निवडलेला विभाग उघडायचा. मागच्या वेळी कुठल्या क्रमांकापर्यंत पाहिलं होतं, ते एका फाइलमधून वाचायचं. त्यापुढच्या प्रत्येक संदेशाचा विषय आणि मजकूर घेऊन शब्दांच्या यादीशी ताडायचा. जुळला तर सूचना पाठवायची आणि शेवटी नवा क्रमांक फाइलमध्ये लिहायचा.

सगळी मेख त्या क्रमांकात आहे. पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवताना फाइल रिकामी असते, म्हणून ती शून्यापासून सुरुवात करते आणि सगळ्या जुन्या संदेशांच्या सूचना एकदम येऊन आदळतात. म्हणून पहिल्या वेळी काहीही न शोधता फक्त शेवटच्या संदेशाचा क्रमांक नोंदवावा. सूचना नीट पाठवून झाल्याखेरीज क्रमांक पुढे सरकवू नये. आधी सरकवला आणि मध्येच वीज गेली, तर तेवढे संदेश कायमचे निसटले. आणि साठ्याचे क्रमांक कधी नव्याने लावले गेले, तर नोंदवलेला क्रमांक शेवटच्या संदेशापेक्षाही मोठा ठरतो. तेव्हा स्क्रिप्ट काही त्रुटी न दाखवता मुकाट बसून राहते, आणि तुम्हाला वाटतं, कुणी काही लिहीतच नाही. ही तपासणी स्क्रिप्टमध्ये आवर्जून घाला.

स्क्रिप्ट कधी चालवायची? टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ साली सुरू केलेल्या फिडोनेटमध्ये बीबीएस एकमेकांना फोन करून टपाल पोहोचवत, आणि त्यासाठी रात्रीची एक वेळ राखून ठेवलेली असे. आता हे टपाल इंटरनेटवरून दिवसभर केव्हाही येतं. आलेली पाकिटं फोडून संदेश त्या त्या विभागात टाकणाऱ्या प्रोग्रामला टॉसर म्हणतात. टॉसरचं काम झाल्यावर लगेच स्क्रिप्ट चालावी, असं वेळापत्रक लावणं उत्तम. तेवढी घाई नसेल तर तासातून एकदा पुरे.

सूचना पोहोचवायचे मार्ग तीन-चार आहेत. सिंक्रोनेटमध्ये ‘टेलिग्राम’ म्हणून छोटा निरोप ठेवता येतो (आजच्या त्या नावाच्या ॲपशी याचा संबंध नाही). तो लॉगिन केल्यावर दिसतो. बीबीएसच्या आतल्या टपालातही सूचना टाकता येते, आणि ते टपाल पुढे इंटरनेटच्या ईमेलवर वळवण्याची सोय वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये असते. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसासाठी खरा उपयोगी मार्ग हाच. सूचना मात्र कधीही ज्या विभागात शोध चालू आहे त्याच विभागात टाकू नका. सूचनेत तोच शब्द असतो, पुढच्या फेरीला स्क्रिप्ट स्वतःच्याच सूचनेवर सूचना देते, आणि विभाग फिडोनेटला जोडलेला असेल तर हा पसारा जगभरच्या बीबीएसवर पोहोचतो.

सूचनांचा पूर कुठून येतो

सूचना लावणारे लोक कंटाळून त्या बंद करू शकतात, कारण बऱ्याच सूचना बिनकामाच्या निघतात. यातला मोठा वाटा चार-पाच ठरावीक गोष्टींचा असतो.

पहिली म्हणजे अवतरणं. उत्तर देताना मूळ मजकूर पुन्हा घेण्याची पद्धत आहे. त्या ओळींच्या सुरुवातीला लेखकाची आद्याक्षरं आणि बाणासारखी खूण असते. एका संदेशात तुमचा शब्द आला आणि त्याला दहा उत्तरं आली, की अकरा सूचना. म्हणून सुरुवातीच्या चार-सहा अक्षरांत ती खूण असलेल्या ओळी शोधातून वगळा.

दुसरी गोष्ट फिडोनेटची ‘ओरिजिन’ ओळ. प्रत्येक संदेशाच्या तळाशी तो कुठल्या बीबीएसवरून निघाला ते लिहिलेलं असतं, अनेकदा गावाच्या नावासकट. तुमचा शब्द एखाद्या गावाचं नाव असेल, तर तिथल्या बीबीएसवरून निघालेला प्रत्येक संदेश तुम्हाला सूचना देईल, मग तो हवामानाचा असो की विनोदाचा. याशिवाय संदेशात टपालाच्या वाटचालीच्या नोंदी असतात, त्या सहसा वाचकाला दिसत नाहीत पण स्क्रिप्टला दिसतात. त्याही गाळाव्यात. एक नोंद मात्र जपून ठेवावी: संदेशाची ओळख सांगणारी. तोच संदेश दोन वाटांनी दोनदा आला, तर तिच्यावरून दुसरी सूचना टाळता येते.

मग शब्दाची निवड. रोमन लिपीत ‘आर्ट’ हा तीन अक्षरांचा शब्द शोधायला सांगितलात, तर ‘स्टार्ट’, ‘पार्टी’ आणि ‘आर्टिकल’ सगळेच हात वर करतात. अख्खा शब्द जुळला तरच सूचना द्यावी, ही अट घाला. त्याहून बरं म्हणजे दोन शब्दांची जोडी द्या. ‘ॲमिगा’ एकट्याने पूर येईल. ‘ॲमिगा’ आणि ‘फ्लॉपी’ एकाच संदेशात असतील तरच, असं म्हटलं की नेमके संदेश उरतात.

मराठी शब्द लावायचा असेल तर

बीबीएसचं जग मुख्यतः इंग्रजी आहे, पण यूटीएफ-८ चालणाऱ्या बीबीएसवर देवनागरी लिहिता येते, आणि तिथे काही खास अडचणी आहेत.

एक निव्वळ जागेची. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, सगळं, तीन-तीन बाइट घेतं. क्यूडब्ल्यूकेच्या २५ बाइटांच्या विषयात अशी जेमतेम आठ चिन्हं मावतात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दातच दहा आहेत.

दुसरी अडचण जास्त मजेशीर, आणि जास्त घातक. फिडोनेटच्या मूळ नियमांत १४१ क्रमांकाचा बाइट दुर्लक्षित करायचा असं ठरलेलं आहे. वर्डस्टारच्या काळात तो ओळीच्या तात्पुरत्या शेवटाची खूण होता. आता योगायोग असा, की यूटीएफ-८ मध्ये हलन्ताच्या चिन्हाचा तिसरा बाइट नेमका हाच आहे. जुन्या वळणाचा टॉसर तो काढून टाकतो आणि संदेशातलं प्रत्येक जोडाक्षर मोडतं. ‘मराठी’ हा शब्द सुखरूप पोहोचतो, ‘महाराष्ट्र’ पोहोचत नाही. सूचना येत नाही तेव्हा दोष स्क्रिप्टमध्ये शोधत बसण्याआधी हे तपासा.

तिसरी भाषेची. मराठी शब्द विभक्ती लागली की रूप बदलतो. ‘पाणी’ शोधाल तर ‘पाण्याचा’ निसटेल, आणि ‘पाण’ एवढंच दिलंत तर ‘पाणबुडी’ही येईल. दोन्ही रूपं यादीत वेगवेगळी देणं हाच साधा उपाय. ‘ॲ’ हे अक्षरही दोन प्रकारे टाइप होतं: एकसंध, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. डोळ्याला सारखं दिसतं, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. आणि अख्खा शब्द ओळखणारी जावास्क्रिप्टची नेहमीची खूण फक्त रोमन अक्षरं जाणते, म्हणून देवनागरीसाठी आजूबाजूला मोकळी जागा किंवा विरामचिन्ह आहे का, ते स्वतः तपासावं लागतं.

कुठले संदेश तपासू नयेत

सिसॉपला तांत्रिकदृष्ट्या सगळं दिसतं, खासगी टपालसुद्धा. म्हणून शोध कुठल्या विभागांत चालेल याची यादी स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहावी आणि तीत फक्त सार्वजनिक विभाग असावेत. दोघांमधलं टपाल आणि फिडोनेटवरचं व्यक्तिगत नेटमेल त्यात नकोच. दुसऱ्याच्या खासगी पत्रात एखादा शब्द आला एवढं कळणंही पत्र फोडल्यासारखंच आहे.

वापरकर्त्यांना स्वतःचे शब्द नोंदवू देणार असाल, तर ते शब्द सिसॉपने एकदा नजरेखालून घालावेत. कुणी यंत्राचं नाव लावलं तर हरकत नाही. पण कुणी दुसऱ्या सभासदाचं नाव लावलं, तर ती व्यक्ती कधी काय लिहिते यावर पाळत ठेवल्यासारखं होतं. छोट्या बीबीएसवर, जिथे वीस-पंचवीस माणसं एकमेकांना ओळखतात, हे लगेच जाणवतं आणि माणसं लिहायची थांबतात. स्वतःचं नाव सोडून इतर सभासदांची नावं स्वीकारू नयेत, हा नियम मला योग्य वाटतो.

स्क्रिप्ट लावून झाली, की सिसॉपने फक्त त्याच बीबीएसपुरता एक चाचणी विभाग उघडावा आणि त्यात चार संदेश टाकावेत: शब्द विषयात असलेला, फक्त मजकुरात असलेला, फक्त अवतरणात असलेला आणि जोडाक्षर असलेला मराठी. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याची सूचना आली पाहिजे, तिसऱ्याची नाही. चौथा संदेश शक्य असेल तर ओळखीच्या दुसऱ्या बीबीएसवरून, तिथल्या चाचणीच्या विभागातून मागवा. कारण तो टॉसरमधून गेल्याशिवाय हलन्त टिकला की नाही ते कळत नाही.