सिंगापुरातील झाडांची ओळख – आपल्या कुटुंबांसाठी थोडी माहिती

मंडळी, सिंगापुरात नव्याने आलेले प्रत्येक कुटुंब पहिल्याच आठवड्यात म्हणते, "किती हिरवेगार आहे हो इथे!" मुले मात्र दोन वर्षे राहूनही सगळ्या झाडांना नुसते 'ट्री' म्हणतात. आपल्यापैकी अनेकांचीही गत फारशी वेगळी नाही. म्हणून ही माहिती येथे एकत्र देत आहोत.

हे सारे कसे सुरू झाले?

१६ जून १९६३ रोजी पंतप्रधान ली क्वान यू यांनी फॅरर सर्कस येथे मेंपाट जातीचे झाड लावून वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली. १९७१ पासून नोव्हेंबरमध्ये वृक्षारोपण दिन पाळला जाऊ लागला. आज हे काम नॅशनल पार्क्स बोर्ड, म्हणजे एनपार्क्स, पाहते. २०२० मध्ये त्यांनी दहा वर्षांत दहा लाख झाडे लावण्याची चळवळ सुरू केली. तिच्यात नागरिक, शाळा आणि संस्था भाग घेऊ शकतात.

अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने शेती व झाडांचे ज्ञान लोकांच्या दारात नेण्याचे काम विद्यापीठांकडे आले. आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठासारख्या संस्था 'विस्तार शिक्षण' या नावाने तेच करतात. सिंगापुरात शेतीच फारशी नाही. त्यामुळे लोकशिक्षणाचा बराच भार एनपार्क्स आणि १८५९ साली स्थापन झालेले बोटॅनिक गार्डन्स उचलतात. या बागेला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

आपली ओळखीची झाडे

खालील झाडे येथे रस्त्याकडेला आणि बागांत दिसतात. मुलांना दोन्ही नावे जरूर सांगा.

- ताम्हण : येथे 'बुंगोर'. महाराष्ट्राचे राज्यपुष्प. जांभळ्या फुलांनी झाड भरून जाते.
- बकुळ : मलय भाषेत 'तान्जुंग'. वास तोच, आजीच्या गजऱ्यातला.
- रतनगुंज : येथे 'सागा'. लालभडक चकचकीत बिया मुलांच्या फार आवडीच्या.
- उंडी : येथे 'पेनागा लाउत'. कोकणात हिच्या बियांचे तेल दिव्यासाठी वापरत.
- सोनमोहोर : येथे 'यलो फ्लेम'. झाडाखाली पिवळा सडा पडतो.
- अंगसाना : हे आपल्याकडे सहसा दिसत नाही, पण बिबळा आणि रक्तचंदन यांच्या भावकीतले आहे.
- रेन ट्री : मूळचे अमेरिका खंडातले. संध्याकाळी आणि ढगाळ हवेत पाने मिटते, म्हणून मलय लोक त्याला 'पाच वाजताचे झाड' म्हणतात.

वटपौर्णिमेला वड शोधणाऱ्या भगिनींसाठी एक सूचना. येथे 'बनियन' म्हणून जे झाड दाखवतात ते बहुधा आपला वड नसून नांद्रुक असते. नांद्रुकाची पाने लहान व गुळगुळीत असतात, वडाची मोठी आणि जाड. पूजा कुठल्याही झाडाची करा, पण फांदी तोडू नका. सार्वजनिक झाडाची फांदी किंवा फळ परवानगीशिवाय तोडणे येथे गुन्हा आहे. राखीव वनांत तर पडलेले बीसुद्धा उचलू नये. दोरा सैल बांधावा आणि पूजेनंतर काढून घ्यावा.

वारसा वृक्ष

२००१ मध्ये 'हेरिटेज ट्री' योजना सुरू झाली. पाच मीटरहून अधिक घेर असलेले किंवा इतिहास, संस्कृती, वनस्पतिशास्त्र अशा कारणाने महत्त्वाचे असलेले झाड कोणीही सुचवू शकते. पाच मीटर म्हणजे साधारण तीन मोठ्या माणसांनी हात पसरून कवेत घ्यावे इतका बुंधा. बोटॅनिक गार्डन्समधला आडव्या फांदीचा तेंबुसू पाच डॉलरच्या नोटेवर छापला आहे. खिशातली नोट काढा आणि मुलांना ते झाड शोधायला लावा!

महाराष्ट्रात शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले गेले. तिकडे वय मोजतात, इकडे मुख्यतः घेर.

जमिनीवरच्या बंगल्यात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : येथील वृक्षसंवर्धन क्षेत्रांत एक मीटरहून जास्त घेराचे झाड आपल्या आवारात असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. घेर जमिनीपासून अर्ध्या मीटरवर मोजतात.

मोठी झाडे आणि सुरक्षितता

११ फेब्रुवारी २०१७ रोजी बोटॅनिक गार्डन्समध्ये २७० वर्षांहून जुना तेंबुसू कोसळला. त्यात एका महिलेचा मृत्यू झाला आणि चार जण जखमी झाले. हे झाड वर्षातून दोनदा तपासले जात असे. आधीच्या सप्टेंबरमधील तपासणीत ते निरोगी वाटले होते. जाणकारांनी तपासूनही बुंध्याच्या आतली कूज नेहमीच दिसत नाही, हे यातून समजून घ्यावे. झाडांची भीती बाळगू नये, पण काही सवयी अवश्य लावून घ्याव्यात :

- जोराचा पाऊस, वारा किंवा पहाटेचे 'सुमात्रा' वादळ असताना आणि त्यानंतर लगेच मोठ्या झाडाखाली थांबू नये. मुलांनाही हे सांगून ठेवावे.
- बुंध्याशी उगवलेली अळिंबी, नवीन भेग, अचानक वाढलेला कल, मुळांपाशी उचललेली माती किंवा लोंबकळणारी सुकी फांदी दिसल्यास दूर व्हावे.
- अशी चिन्हे दिसली की 'वनसर्व्हिस' ॲपवरून किंवा एनपार्क्सला फोन करून कळवावे. झाड कोणाच्या अखत्यारीत आहे हे आपण शोधत बसण्याची गरज नाही.

सुरुवात कुठून करावी?

एनपार्क्सच्या 'ट्रीज डॉट एसजी' या नकाशावर पाच लाखांहून अधिक झाडांची नोंद आहे. आपल्या ब्लॉकखालच्या झाडाचे नाव तिथे सापडण्याची बरीच शक्यता आहे. बोटॅनिक गार्डन्समध्ये प्रवेश विनामूल्य असून बाग पहाटे पाचपासून उघडी असते. लहान मुलांसाठी तिथेच जेकब बालास बालोद्यान आहे.

आमची सूचना एवढीच : प्रत्येक कुटुंबाने या महिन्यात घराजवळची पाच झाडे निवडावीत. त्यांची मराठी, मलय आणि इंग्रजी नावे मुलांकडून वहीत लिहून घ्यावीत, शेजारी बहर आल्याची तारीख टाकावी. पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर हीच झाडे आजी-आजोबांबरोबर शोधता येतील, आणि मुलांना त्यांच्याशी बोलायला एक नवा विषय मिळेल.