प्रसूती प्रवर्तन

प्रसववेदना आपोआप सुरू होण्यापूर्वी औषधाने किंवा अन्य उपायाने त्या सुरू करण्यास प्रसूती प्रवर्तन म्हणतात. गर्भारपणाचे ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाले असल्यास जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करते. रक्तदाब वाढल्यास ते आधीही करावे लागते. ‘निश्चितपणे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शेवटच्या पाळीची तारीख ठाऊक नसेल व सुरुवातीची सोनोग्राफीही झालेली नसेल, तर गणना चुकून अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मू शकते.

प्रवर्तनासाठी मिसोप्रोस्टॉल, फोली कॅथेटरचा फुगा, ऑक्सिटोसिन इत्यादी वापरतात. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत उच्च रक्तदाबाच्या ६०२ गर्भवतींवर झालेली चाचणी २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडावाटे दिलेल्या ५७ टक्के, तर फुगा वापरलेल्या ४७ टक्के स्त्रियांची २४ तासांत योनिमार्गे प्रसूती झाली. पूर्वी सिझेरियन झाले असल्यास मात्र मिसोप्रोस्टॉल टाळतात; जुन्या व्रणाच्या जागी गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

सिझेरियनची सोय असेल तेथेच प्रवर्तन करावयाचे असते. त्यामुळे नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर (ता. किनवट) यासारख्या गावातील गर्भवतीपुढे, कळांची घरी वाट पाहावी की आधीच किनवटला वा नांदेडला दाखल व्हावे, असाही प्रश्न असतो. प्रवर्तन नाकारण्याचा तिला अधिकार आहे. तसे केल्यास बाळाच्या हालचाली, हृदयाचे ठोके व गर्भजल यांची वारंवार तपासणी आवश्यक ठरते.