राणी नसलेलं वारूळ

मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलाने दप्तरातून हिरव्या चौकटीचा, पारदर्शक प्लास्टिकचा चपटा डबा काढला. अमेरिकेहून आलेल्या मामूंनी दिला होता. आत प्लास्टिकचं इवलंसं शेतघर, कोठार, पवनचक्की. खाली भरायला वाळू. मुंग्या मात्र नव्हत्या. त्या कुपन पाठवून टपालाने मागवायच्या होत्या, आणि ते कुपन अमेरिकेतच चालणारं. मुलगा हिरमुसून म्हणाला, "सर, मुंग्यांशिवाय याचं करायचं काय?"

आमच्या मुलांना मुंगी माहीत असते ती ऐकून. कुरआनच्या २७व्या सूरेचं नावच 'अन-नम्ल', म्हणजे मुंगी. हजरत सुलेमान (अ.) यांचं लष्कर येताना पाहून सोबतिणींना घरात शिरायला सांगणारी ती मुंगी मुलांना मकतबात भेटते. शाळेत भेटते ती नाकतोड्याच्या गोष्टीतली कष्टाळू मुंगी. दोन्हीकडे मुंगीकडून काही शिकायचं असतं. पण जमिनीखाली ती काय करते, हे डोळ्यांनी पाहायची सोय नसते. त्या डब्याची गोष्ट म्हणजे ही सोय कशी झाली, त्याची गोष्ट.

सुरुवात खेळण्याने झाली नाही. इंग्लंडमधले जॉन लबक पेशाने बँकर आणि पार्लमेंटचे सदस्य. बँकांच्या सुट्ट्यांचा १८७१चा कायदा त्यांच्याच पुढाकाराने झाला. फावल्या वेळात ते मुंग्या पाळत. दोन काचांमध्ये मुंगीला जेमतेम फिरता येईल एवढी फट ठेवून त्यांनी त्यात बारीक माती भरली. फट अरुंद, त्यामुळे मुंगीला आड लपायला जागा नाही. बोगदा, दालन, पिल्लं, सगळं काचेतून दिसतं. मुंग्यांना घरात अंधार लागतो, म्हणून एरवी काच झाकलेली. एकेक मुंगी ओळखता यावी यासाठी तिच्या अंगावर ते रंगाचा ठिपका देत. त्यांच्याकडची एक राणी १४ वर्षांहून अधिक जगली. १८८२ साली त्यांनी 'अँट्स, बीज अँड वॉस्प्स' हे पुस्तक लिहिलं. पुढे १९००च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात फ्रेंच अभियंते शार्ल जाने यांनी आपली कृत्रिम वारुळं लोकांसमोर मांडली.

इथपर्यंत हे मोठ्यांचं काम होतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात अभियांत्रिकी शिकवलेले फ्रँक ऑस्टिन यांनी काचेच्या घरात मातीच्या वर रंगीत देखावे उभे केले, १९३१ साली पेटंट मिळवलं आणि ती घरं विकली. मुलांच्या खोलीत मुंगी पोचली ती मात्र मिल्टन लेव्हिन यांच्यामुळे. टपालाने लहानसहान खेळणी विकणारा हा माणूस १९५६च्या ४ जुलैला बहिणीच्या घरी सहलीला गेला होता. तिथे मुंग्यांची रांग पाहून त्याला लहानपण आठवलं: पेन्सिल्व्हेनियात मामाच्या शेतावर बरणीत मुंग्या भरायचो ते. मेहुणा जोसेफ कॉसमन याच्याबरोबर त्याने 'अँट फार्म' बाजारात आणलं. किंमत १.९८ डॉलर. पुढच्या काही दशकांत अशी २ कोटींवर शेतं विकली गेली.

२००३च्या जानेवारीत कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्यात सिरॅक्यूजच्या शाळकरी मुलांच्या प्रयोगातल्या मुंग्याही होत्या. मातीऐवजी त्यांना जेल दिलं होतं. तेच खायचं, त्यातच बोगदे खणायचे. १ फेब्रुवारीला यान कोसळलं. सातही अंतराळवीर गेले. त्यानंतर जेलची शेतं खेळण्यांच्या दुकानात आली.

हे सगळं मी वर्गात सांगितलं, आणि शेवटी एक गोष्ट सांगावीच लागली. टपालाने येणाऱ्या त्या मुंग्यांमध्ये राणी नसते. अमेरिकेच्या कृषी खात्याचे नियम परवान्याशिवाय राणीला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवू देत नाहीत. कारण रास्त आहे: राणी सुटली तर परक्या जमिनीत नवं वारूळ उभं राहील, पिकांना उपद्रव होईल. पण राणी नाही म्हणजे पिल्लं नाहीत. कामकरी माद्या खणत राहतात आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, एकेक करून मरतात.

डब्याचा मालक म्हणाला, "मग त्या घर कुणासाठी बांधतात, सर?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. खेळणं स्वस्त झालं, घरोघरी गेलं, हे चांगलंच झालं. त्यातून पाहायला शिकलेली मुलं कमी नसतील. पण लबक यांच्या काचेत अख्खं कुटुंब होतं. या डब्यात फक्त मजूर उरले. मेहनत शिकवताना आपणही मुलांना अनेकदा एवढंच दाखवतो.

डबा वर्गाच्या कपाटावर ठेवला आणि मुलांना घेऊन नळामागच्या भिंतीपाशी गेलो. चिमूटभर साखर टाकली. मुलं उकिडवी बसून रांगेमागे बिळापर्यंत सरकली. कुणीतरी एक सैल वीट हलवली, तर खाली धावपळ उडाली. मुंग्या तोंडात पांढरे दाणे धरून आत पळत होत्या.

"सर, साखर नेतायत," एकजण म्हणाला.

डब्याच्या मालकाने मान हलवली. "साखर नाही. पिल्लं आहेत. वीट ठेव परत."