हावड्याची टोचणी आणि परळचे जंतू

१/ २६ नोव्हेंबर १९३३, हावडा स्थानक. पाकुडच्या (आजचे झारखंड) जमीनदार घराण्यातील तरुण अमरेंद्रचंद्र पांडे गाडीकडे निघाला असता खादीधारी अनोळखी मनुष्य त्याला घासून गेला. दंडात काहीतरी टोचले. ४ डिसेंबर रोजी अमरेंद्र मरण पावला. या मृत्यूचा माग पुढे थेट मुंबईपर्यंत पोहोचला.

२/ डॉक्टरांनी तो जिवंत असतानाच त्याचे रक्त तपासणीसाठी घेतले होते. अहवाल आला तो मृत्यूनंतर, आणि त्यात होते प्लेगचे जंतू! कलकत्त्यात तेव्हा प्लेगची साथ नव्हती. ते रक्त घेतले गेले नसते, तर हा मृत्यू तापाच्या नावावर जमा होऊन चितेबरोबर पुरावाही संपला असता.

३/ मग जंतू आले कोठून? त्या काळी प्लेग म्हटले की परळची हाफकिन संस्था. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले.

४/ ही लस कशी होई, हे येथे महत्त्वाचे. मांसाच्या रसात वर तुपाचे थेंब तरंगत ठेवून जंतू वाढवायचे आणि मग उष्णतेने मारायचे. म्हणजे मेलेल्या जंतूंच्या लसीसाठी आधी जिवंत जंतू मुबलक हवेत. ज्या कपाटात औषध, त्याच कपाटात विष.

५/ हे संस्थेस ठाऊक होते. मे १९३२ मध्ये कलकत्त्याचे डॉ. तारानाथ भट्टाचार्य यांनी तार करून प्लेगचे कल्चर मागवले. उत्तर मिळाले: बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा. पहिला पहारा चोख ठरला.

६/ दुसरा मात्र सुटला. १९३३ मध्ये अमरेंद्रचा सावत्र भाऊ विनयेंद्र मुंबईत आला आणि त्याने ओळखी जुळवल्या. ‘प्लेगवरील औषधाचे संशोधन’ ही सबब पुढे करून तारानाथला आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोग रुग्णालयात (आजचे कस्तुरबा) काम करण्याची मुभा मिळाली. तेथे हाफकिनमधूनच आलेले कल्चर होते. उंदरांवर प्रयोग झाले आणि जुलैमध्ये दोघे अचानक परतले. कुलूप शाबूत होते. दार आतून, सौजन्याने उघडले गेले. रुग्णालयातील डॉक्टरांना यासाठी फार दोष देता येत नाही. संशोधक सहकाऱ्यावर संशय घेणे तेव्हा असभ्यपणाचे वाटत असणार.

७/ जंतूंचा युद्धातील वापर निषिद्ध ठरवणारा जिनिव्हा करारही १९२५ चाच. पण तो राष्ट्रांसाठी होता. मालमत्तेच्या वाट्यासाठी कोणी भावावर प्लेग सोडील, हे तो लिहिणाऱ्यांच्या मनातही नसावे.

८/ पोलिसांनी तार, मुंबईतील मुक्काम आणि रुग्णालयातील काम यांची साखळी जुळवली. १९३५ मध्ये विनयेंद्र व तारानाथ यांना फाशी सुनावली गेली. जानेवारी १९३६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती बदलून जन्मठेप काळ्या पाण्याची दिली. इतर दोन डॉक्टर सुटले. हावड्यावर सुई टोचणारा तो खादीधारी मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात कधीच उभा राहिला नाही.