पांच मैलांच्या आंतील घर

घर बांधणें ही माणसाची पुरातन विद्या आहे. परंतु तें कशाचें बांधावें, हा प्रश्न प्रत्येक पिढीस नव्यानें सोडवावा लागतो. लांबून सामान आणण्याची सोय नव्हती त्या काळीं या प्रश्नाचें उत्तर गांवची माती, गांवचें रान आणि गांवची हवा हींच देत असत. पुढें आगगाडी आली, सिमेंट आलें, लोखंड आलें, वीज आली, आणि उत्तर देण्याचें काम बाजाराकडे गेलें. आज 'हरित इमारत' या नांवानें ज्या शास्त्राचा बोलबाला आहे, तें मुळांत त्या जुन्या प्रश्नाकडे परत वळण्याचा प्रयत्न होय. त्याचा इतिहास विलायत व अमेरिका येथील संस्थांपासून सांगण्याची प्रथा पडली आहे. पण त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण विदर्भांतच घडलेलें आहे, याची आठवण फार थोड्यांना असते.

प्रथम या प्रांताची हवा लक्षांत घेतली पाहिजे. भंडारा जिल्ह्यांत जवाहरनगर ही दारूगोळा कारखान्याची वसाहत आहे. तेथें काय किंवा नागपुरास काय, वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आणि मृग लागला कीं तीच कोरडी हवा दमट होऊन जाते. अशा ठिकाणीं जुने लोक मातीच्या जाड भिंती घालीत. जाड भिंतीचा गुण असा कीं, दुपारचें ऊन बाहेरच्या अंगाला लागलें तरी त्याची धग आंत पोंचावयास कित्येक तास लागतात. तोंवर सूर्य मावळतो, आणि माणसें अंगणांत खाटा टाकून निजतात. वर कौलें असत. त्यांच्या फटींतून वर चढलेली गरम हवा निघून जाई. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत. पाण्याची वाफ होतांना ती हवेंतील उष्णता ओढून घेते, म्हणून आंत येणारी झुळूक थंड लागे. हा उपाय कोरड्या उन्हाळ्यांत चालतो, पावसाळ्यांतील दमट हवेंत चालत नाहीं. म्हणून पावसाळ्याकरितां उंच जोतें, लांब पागोळी आणि समोरासमोर खिडक्या यांची योजना असे.

पाण्याच्या बाबतींतही या जिल्ह्याची परंपरा मोठी आहे. कोहळी समाजाच्या लोकांनीं येथें शेंकडों तलाव बांधले. उताराचें पाणी अडवून तें भाताच्या बांध्यांना पोंचवावयाचें, ही त्यांची विद्या होती. १९५१ सालीं मालगुजारी नष्ट झाली, तेव्हां हे तलाव सरकारकडे आले, आणि पुढें 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणूं लागले. पावसाचें पाणी पडेल तेथेंच अडवावें, हें तत्त्व आज हरित इमारतीच्या प्रत्येक नियमावलींत आढळतें. भंडाऱ्याच्या शेतकऱ्यास तें शिकवावें लागलें नव्हतें.

आतां वर्ध्याकडे वळावें. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्धा सोडून जवळच्या शेगांव या खेड्यांत राहावयास गेले. जमीन जमनालाल बजाज यांची होती. पुढें १९४० सालीं, नांवाच्या सारखेपणामुळें होणारा टपालाचा घोंटाळा टाळण्याकरितां, गांवाचें नांव सेवाग्राम असें ठेवण्यांत आलें. तेथें प्रथम जें घर उभें राहिलें त्यास 'आदिनिवास' म्हणतात. आणि जी झोपडी मूळ मीराबेन यांच्याकरितां बांधली गेली ती नंतर 'बापूकुटी' म्हणून प्रसिद्ध झाली. मातीच्या भिंती, बांबू, कौलें, शेणानें सारवलेली जमीन आणि भिंतीवर मातींतच उठविलेल्या ताडाच्या व चरख्याच्या आकृती, एवढाच त्या घराचा थाट. गांवच्या मनुष्यास जें बांधतां येईल तेंच बांधावयाचें, हा त्यामागील नेम होता. स्वस्तपणा हा त्याचा एक परिणाम झाला; मुख्य हेतु, घर बांधण्याचा पैसा आणि घर बांधण्याची विद्या हीं दोन्हीं गांवांतच राहावींत, असा होता.

याच विचाराचें सूत्र लॉरी बेकर या इंग्रज स्थापत्यकाराच्या आठवणींत सांपडतें. दुसऱ्या महायुद्धांत चीनमध्यें रुग्णसेवा करून मायदेशीं परततांना ते मुंबईस जहाजाची वाट पाहत थांबले होते. त्यांच्या पायांतील कापडी चिनी जोड्यांवरून गांधीजींशीं त्यांचें बोलणें निघालें. आदर्श घर बांधावयाचें तर त्याचें सर्व सामान पांच मैलांच्या आंत मिळणारें असावें, असा गांधीजींचा विचार बेकर यांनीं पुढें अनेकदां सांगितला. तो विचार घेऊन ते हिंदुस्थानांत परत आले, आणि केरळांत विटा, चुना व कौलें यांची असंख्य स्वस्त घरें त्यांनीं उभीं केलीं. १९९० सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. १९७८ च्या जानेवारींत इव्हान इलिच हे विचारवंत बापूकुटींत बसून गेले, आणि गरजेपुरत्या घराचें महत्त्व त्यांनीं आपल्या भाषणांत मांडलें.

पाश्चात्त्य देशांना मात्र या प्रश्नाची निकड भासली ती १९७३ सालीं, तेलाचे भाव एकाएकीं कडाडले तेव्हां. कांचेच्या उंच इमारती थंड व उबदार ठेवण्यास किती इंधन जळतें, हें त्या वेळीं लोकांच्या ध्यानीं आलें. शिवाय सिमेंट करावयाचें म्हणजे चुनखडी सुमारें १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. त्यांत कोळसा जळतो, आणि खुद्द दगडांतूनही कर्बवायु बाहेर पडतो. तेव्हां इमारत उभी राहण्यापूर्वींच तिचा हवेवर भार पडलेला असतो. हा भार मोजावयाचा कसा, यांतून गुण देण्याची पद्धत निघाली. १९९० सालीं इंग्लंडांत 'ब्रीम' ही पद्धत सुरू झाली आणि १९९८ सालीं अमेरिकेंत 'लीड' ही. आपल्या देशांत २००१ सालीं इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची स्थापना झाली. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज केंद्राच्या इमारतीस 'लीड'चा सर्वोच्च प्लॅटिनम दर्जा मिळाला. अमेरिकेबाहेर असा दर्जा मिळविणारी ती पहिली इमारत होती. २००४ सालीं राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. पुण्यास हडपसर येथें क्रिस्तोफर बेनिंजर यांच्या योजनेनें उभारलेलें सुझलॉन कंपनीचें 'वन अर्थ' हें केंद्र याच मालिकेंतील होय.

परंतु अमेरिकेच्या हवेकरितां केलेली मोजपट्टी आपल्या हवेस जशीच्या तशी लागू पडत नाहीं. येथें खिडकी उघडून वारा घेणाऱ्या, यंत्राविना चालणाऱ्या इमारतीच अधिक. म्हणून दिल्लीच्या 'टेरी' संस्थेनें 'गृह' ही पद्धत तयार केली, आणि २००७ सालीं केंद्र सरकारनें ती राष्ट्रीय पद्धति म्हणून स्वीकारली. नांव इंग्रजी आद्याक्षरांचें असलें तरी संस्कृत शब्दाशीं जुळणारें आहे. आरंभींच्या मांडणींत ३४ निकष होते. जागेवरील झाडें राखणें, वरची सुपीक माती जपून ठेवणें, इमारतीची दिशा, पाण्याची बचत, विजेचा वापर, कचऱ्याची व्यवस्था, मजुरांची सोय अशा बाबी त्यांत येतात. गुणांच्या बेरजेवरून एक ते पांच तारे मिळतात. लहान इमारतींसाठीं पुढें 'स्वगृह' अशी सोपी पद्धतही निघाली. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनें असे तारे मिळविणाऱ्यांस शुल्कांत व करांत सूट देऊं केली.

पांच मैलांचें सूत्रही नव्या रूपांत कायद्यांत आलें आहे. १९९९ च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें असा आदेश काढला कीं, औष्णिक वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आंत मातीच्या विटा करणाऱ्यांनीं त्यांत कोळशाची राख मिसळलीच पाहिजे. पुढें हें अंतर वाढविण्यांत आलें. विदर्भांत कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर व भंडाऱ्याच्या शेजारचें मौदा येथें राखेचे ढीग पडतात. ती राख विटेंत गेली तर शेताची माती वांचते आणि नदीकांठचा उपद्रवही कमी होतो. आपल्या पांच मैलांत आज काय मिळतें, याचें उत्तर आतां माती व बांबू एवढेंच राहिलेलें नाहीं, तर राख हेंही आहे.

एवढें झाल्यावरही एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें जरूर आहे. प्रमाणपत्र ही तुलना असते. कांचेची एखादी इमारत तशाच दुसऱ्या इमारतीपेक्षां कमी वीज खाते, म्हणून तिला गुण मिळतात. पण या उन्हांत कांचेची इमारत बांधावीच कां, हा प्रश्न मोजपट्टी विचारीत नाहीं. बापूकुटी नेमका तोच प्रश्न आधीं विचारते. शिवाय नकाशा पाहून दिलेला दर्जा आणि राहत्या माणसांनीं केलेला वापर यांत पुष्कळदां अंतर पडतें. पावसाचें पाणी धरण्याची टांकी कागदावर असते आणि जागेवर ती गाळानें भरलेली असते. 'गृह' पद्धतींत इमारत वापरांत आल्यावर विजेची तपासणी करावी असा जो नियम आहे, त्याचें महत्त्व यासाठींच मोठें. जेथें ही तपासणी मनापासून होते, तेथेंच ताऱ्यांना अर्थ आहे.

याचा अर्थ सर्वांनीं पुन्हां झोपडींत राहावें असा नाहीं. मातीच्या भिंतीला दर वर्षीं सारवण लागतें, वाळवीवर लक्ष ठेवावें लागतें. दाट वस्तीच्या शहरांत तें सर्वांना जमणारें नाहीं. पण पश्चिमेच्या भिंतीवर सावली धरणें, गच्चीला चुन्याचा पांढरा लेप देणें, समोरासमोर खिडक्या ठेवणें, छपराचें पाणी विहिरीकडे वळविणें आणि लांबचें सामान घेण्यापूर्वीं जवळचें पाहणें, यांसाठीं कोणत्याही संस्थेचा शिक्का लागत नाहीं. ज्या कुटुंबाला मोठी फी भरून तारे मिळवितां येणार नाहींत, त्यालाही हें करतां येतें. आणि देशांतील बहुतेक घरें अशाच कुटुंबांचीं आहेत. जवाहरनगरसारख्या वसाहतींत काय किंवा भंडाऱ्याच्या गल्लींत काय, वैशाखांतील दुपारीं घरांतला गारवा हीच पहिली परीक्षा, आणि महिन्याचें विजेचें बिल ही दुसरी. या दोहोंत उतरलेल्या घरावर तारा नसला तरी चालेल. आणि या दोहोंत नापास झालेल्या घरावर पांच तारे असले तरी त्यांचा घरांतल्या माणसांना कांहीं उपयोग नाहीं.